हाकेला ओ

साओ जॉर्ज बेटावर धरणी हलली की माणसं आधी पळत नाहीत, आधी हाका मारतात. घरातलं वडीलधारं माणूस असेल तिथून एकेकाचं नाव घेतं, आणि ज्याचं नाव येईल त्यानं ओ द्यायची, "आहे." एवढंच. पडलो, खरचटलं, अंगावर फडताळ आलं, ही रडगाणी नंतर. शेजारच्या बेटांवरचे लोक या रिवाजाला हसतात. म्हणतात, साओ जॉर्जवाल्यांची शाळा सुटली तरी हजेरी सुटत नाही. हसोत बापडे. आमच्या पायाखाली जे आहे तेच त्यांच्याही पायाखाली आहे, एवढं त्यांनी विसरू नये.

हजेरीतून नाव गळायचा एकच मार्ग असतो. ज्याला माणसांनी माती दिली, त्याचं नाव पुढच्या धक्क्यापासून घ्यायचं नाही. आमच्या गावात कड्याच्या काठावर राहणाऱ्या देओलिंदानं नवऱ्याचं, उर्बानुचं, नाव असंच सोडलं. त्याला पुरून आठवडा झाला नव्हता तेव्हा धरणी जराशी हलली. तिनं क्षणभर ओठ मिटले आणि एकदम स्वतःपासून सुरुवात केली. पण थोरल्या मुलाचं, दुआर्तचं, नाव तिनं कधी सोडलं नाही. दुआर्तला माणसांनी माती दिली नव्हती. मातीनंच त्याला परस्पर घेतलं होतं.

तो नव्या वर्षाचा पहिला दिवस होता, उर्बानु तेव्हा जिवंत होता. नाताळापासून जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत आमच्याकडे कोणीही कोणाच्या दारात उभं राहून विचारतं, "काय हो, तुमचा बाळ येशू शू करतो का?" आणि घरच्यांनी हसत बाटली काढायची असते. त्या दुपारी उर्बानुच्या दारात इतक्या जणांनी विचारलं की बाळ येशू पार कोरडा पडला. अठरा वर्षांचा दुआर्त म्हणाला, मी फाझांतून घेऊन येतो. फाझां म्हणजे कड्याच्या तळाशी समुद्राला लागून असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथं त्यांची द्राक्षं होती आणि दगडी कोठीत दारूचं पिंप होतं. वाट उतरायला सोपी, चढताना जीव काढणारी. दारातून तो आईला म्हणाला, "पाहुण्यांना बसवून ठेव, आलोच चढून." तो खाली पोचला असेल नसेल तोच धरणी हलली, आणि अशी हलली की अर्धा कडा खाली बसला. फाझां उरलीच नाही. देओलिंदानं अंगणात नावं घेतली. उर्बानु म्हणाला, आहे. स्वतःचं नाव घेऊन तीच म्हणाली, आहे. मग "दुआर्त" म्हणाली आणि थांबली. बारा वर्षांची धाकटी मेना आपल्या नावाची वाट बघत उभी होती, आणि आई थांबूनच राहिली.

त्या थांबण्यात मेनाचं सगळं आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल. धरणी आमच्याकडे वर्षाकाठी दोनचारदा तरी अंग झाडतेच. दर वेळी देओलिंदा "दुआर्त" म्हणायची, थांबायची, कड्याच्या बाजूला कान द्यायची. मग पडेल आवाजात, काम उरकून टाकावं तसं, "मेना." मेना म्हणायची, "आहे." आई मान हलवायची आणि कामाला लागायची. त्या 'आहे'नं आईच्या चेहऱ्यावरची एक आठी कधी सैल झाली नाही. मेनाला भावाचा हेवा वाटायचा. मेलेल्याचा हेवा करू नये हे तिला कळत होतं, पाद्रीबाबांपुढे तिनं ते कबूलही केलं होतं, पण कबूल केल्यानं हेवा जातो असं थोडंच आहे. टोरांटोला चल म्हणणारा एक भला माणूस तिला सांगून आला होता. त्याला तिनं नाही म्हटलं. गाई होत्या, आई होती, आणि त्या हजेरीला ओ देणारं कोणीतरी घरात उरायला हवं होतं.

मग चाळीसेक वर्षांनी तो मार्च आला. एका दुपारी मेना गोठा धूत होती तेव्हा पहिला धक्का बसला, त्यामागून दुसरा, तिसरा. दिवस मावळेपर्यंत गावानं मोजायचं सोडून दिलं. मोठे नव्हते. फडताळातल्या बश्या किणकिणायच्या, दावणीची कडी वाजायची, भिंतीवरचा क्रूस थोडा तिरका व्हायचा. पण मोठा धक्का एकदाचा बसून जातो, माणूस उठून विटा गोळा करायला लागतं. हे म्हणजे कोणीतरी दारावर बोटानं टकटक करत राहावं आणि दार उघडलं तर कोणी नसावं, तसलं होतं. लोक झोपेना झाले. कुत्री जमिनीवर पोट टेकेनात.

देओलिंदाची आठवण गेली दोनतीन वर्षं विरत चालली होती. जेवलीस की नाही हे तिला सांगावं लागायचं. मेनाला ती कधी आपली बहीण समजायची, कधी शेजारीण. पण धक्के सुरू झाले आणि म्हातारी खडबडून जागी झाली. डोळ्यांत तेज आलं, पाठ ताठ झाली, आणि प्रत्येक धक्क्याला हजेरी सुरू झाली. मेना धारा काढत असली तर गोठ्यातून ओरडायची "आहे", तोंडाला साबण असला तरी "आहे", घास तोंडात असला तरी "आहे".

"मेना, सकाळपासून आहे-आहे चाललंय तुझं," दूध न्यायला आलेला आदेलिनु म्हणाला. तो चीजच्या कारखान्याची गाडी चालवायचा, गावाच्या समितीतही होता, आणि थट्टा केल्याशिवाय त्याचं इंजिन सुरू होत नसे. "तू नाहीस असं कोणी म्हटलंय का?"

"आत जाऊन आईला विचार," मेना म्हणाली.

एका दुपारी देओलिंदा दारात खुर्ची टाकून बसली होती आणि मेना बादली घेऊन अंगणातून येत होती. धक्का बसला. "देओलिंदा. आहे," म्हातारी म्हणाली. "दुआर्त." आणि ती थांबली तेवढ्यात कड्याच्या बाजूनं, खूप खालून, एक दबकी गुरगुर आली आणि उंबरा हलकेच हलला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय. दिवसाला शेकडो धक्के, त्यातला एखादा नेमका त्या नावापाठोपाठ यायचाच. मेनाला हे चांगलं कळत होतं. तरी तिच्या हातातली बादली आपोआप खाली टेकली.

"आहे म्हणाला," देओलिंदा म्हणाली.

"कोण?"

"कोण काय विचारतेस. आवाज घोगरा झालाय त्याचा. होणारच, किती वर्षं झाली."

त्या दिवसापासून त्या थांबण्यात दोघी कान देऊन उभ्या राहू लागल्या. कधी खालून ओ यायची, कधी यायची नाही. आली की म्हातारी मान डोलवायची. नाही आली तर म्हणायची, दमला असेल. मेना स्वतःला बजावत होती की हा नुसता योगायोग आहे. आणि तरी ज्या दिवशी तीनदा चारदा ओ आली नाही, त्या दिवशी तिला चुकल्यासारखं वाटलं, जेवण गेलं नाही. तेव्हा मात्र तिला स्वतःचीच भीती वाटली.

भरीस भर म्हणून रेडिओ होता. शास्त्रज्ञांना विचारून निवेदक सांगायचा की बेटाच्या पोटात खोलवर शिलारस आहे, वितळलेला दगड, आणि तो भेगेतून वर चढतोय. म्हातारीच्या कानात अख्खी बातमी कुठली शिरायला. शेवटचा शब्द तेवढा शिरला.

"ऐकलंस? चढतोय."

"आई, शिलारस चढतोय. दगड. वितळलेला."

"मग मी काय म्हटलं? चढतोय एवढंच म्हटलं ना."

आता यात तिचा तरी काय दोष. फाझांतून घरी येणाऱ्या माणसाला आमच्याकडे दुसरा शब्दच नाही. तो येतोय असं कोणी म्हणत नाही. नवरा कुठाय? चढतोय. वाढू का? थांब, पोरगं चढतंय. चाळीस वर्षांवर त्या घरात हा शब्द दुआर्तसाठी राखून ठेवला होता, आणि आता सरकारी रेडिओ रोज सकाळी तो मोठ्यानं म्हणत होता.

विद्यापीठातून आलेली तेल्मा नावाची तरुण बाई त्यांच्या गोठ्याच्या कोपऱ्यात धक्के टिपणारं यंत्र पुरायला आली. शास्त्रातली डॉक्टर होती, म्हणून गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणायचं आणि निम्मे लोक गुडघेदुखीवर गोळी मागायचे. ती बिचारी आपल्या पिशवीतली देऊन टाकायची. काम झाल्यावर मेनानं तिला मक्याचा पाव, चीज आणि कॉफी दिली. देओलिंदा टेबलाच्या पलीकडून तिच्याकडे टक लावून बघत होती.

"किती वर आलाय?" तिनं विचारलं.

"फार खोल होता, आजी. आता अर्ध्याहून जास्त वर आलाय," तेल्मा घास चावत म्हणाली.

"आणि आता थांबलाय."

तेल्मा चमकली. "तुम्हाला कसं कळलं? कालपासून थांबलाय खरा."

"वळणावर झरा आहे. तिथं सगळेच टेकतात."

"टेकू दे की," तेल्मा हसली. तिला वाटलं म्हातारी गमतीनं बोलतेय. "त्याला कसली घाई?"

"त्याला नसेल," देओलिंदा म्हणाली. "माझं वय झालं."

मेनानं तेल्माला अंगणात नेऊन दुआर्तचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या पोरीचा चेहरा उतरला. "आधी सांगायचं ना हो. मी काय काय बोलून बसले."

"तुम्ही खोटं कुठं बोललात," मेना म्हणाली. "पण मला एक सांगा. तो वर येईल का?" आणि बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळेना की आपण कोणाबद्दल विचारलं.

"मला माहीत नाही," तेल्मा म्हणाली. "येईल, नाहीतर आहे तिथंच राहील. राहिला तर हळूहळू निवतो, दगड होतो, बेटाचाच होऊन जातो. वरच्या माणसांना पत्ताही लागत नाही." मग तिनं अंगणातल्या फरशीकडे बोट दाखवलं. कोंबड्यांच्या खुराड्यापासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत एक भेग गेली होती. "मला त्याच्यापेक्षा तुमच्या कड्याची काळजी वाटते. त्या वर्षी कडा अर्धा गेला, उरलेला याच धक्क्यांनी खिळखिळा होतोय. इथं राहू नका. अगदी उद्याचाही भरवसा धरू नका."

दुसऱ्याच दिवशी हुकूम आला की कड्याकाठच्या घरांतल्या सगळ्यांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आधी, बेटाच्या दुसऱ्या टोकाला काल्येताला जायचं. आदेलिनु बस घेऊन दारात आला.

"पोरगं अर्ध्या वाटेत आहे आणि मी दाराला कुलूप घालू?" देओलिंदा म्हणाली. "एवढा चढून येईल आणि कोणाचं तोंड बघेल?"

पाद्रीबाबांनी समजावलं, शेजारणींनी समजावलं. तेल्मानं हात जोडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दोघं गडी तिला खुर्चीसकट उचलायला गेले. म्हातारीनं दाराची चौकट धरली. कडेवर घेतलं तर पाखराएवढी भरेल अशी बाई, पण तिची बोटं सुटेनात. नखाखालून रक्त आलं. ती ओरडली नाही, रडली नाही. नुसती हळू आवाजात म्हणत राहिली, "त्याला सांगू नका मी गेले म्हणून."

"सोडा तिला," मेना म्हणाली.

"मग तू तरी चल," आदेलिनु म्हणाला.

"मी कशी येऊ?"

"दोघी मराल, मेना. थट्टा नाही करत."

"मग आमची दोघींची नावं गाळून टाका."

बस गेली. त्या रात्री फाकलेली भेग सकाळी मेनानं पाहिली. खुराडं जागेवर नव्हतं. कोंबड्याही नव्हत्या. अंगणाचा तेवढा तुकडा सुरीनं कापल्यासारखा गेला होता आणि तिथून खाली थेट समुद्र दिसत होता. गाईंच्या पायांना कंप सुटला होता. मेना भ्याली, पार आतून भ्याली. तिला मरायचं नव्हतं. आयुष्यात काही फारसं हाती लागलं नव्हतं, तरी ते संपावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. आईला टाकून जाणंही तिच्यानं झालं नसतं. दुपारी आदेलिनु शेवटची फेरी करणार होता.

दुपारच्या सुमाराला तिनं बापाचं जुनं जाकीट चढवलं, डोक्याला टोपी घातली, रबरी बूट घातले आणि गाई वरच्या कुरणाकडे हाकलून दिल्या. परत येताना ती घरामागच्या गडग्यापाशी थांबली. फाझांतून येणारी जुनी वाट तिथं वर निघायची. आता नुसतं तोंड उरलं होतं, त्यावर हायड्रेंजियाचं रान माजलेलं, आणि चार पावलांवर वाट हवेतच संपायची. रस्त्यावरून बसचा भोंगा ऐकू आला. त्याच वेळी धक्का बसला, आणि पुढच्या दारातून आईचा आवाज आला.

"देओलिंदा. आहे. दुआर्त."

मेना वाट बघत राहिली. खालून काही आलं नाही. गुरगुर नाही, टकटक नाही. आई थांबली होती, कड्याचा काठ थांबला होता, बस थांबली होती. आमच्याकडे दुसऱ्याच्या नावाला ओ देऊ नये असा काही नियम नाही, कारण असं कोणी करील हेच कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. मेनाचा गाई हाकायचा आवाज होता, छातीतून काढायचा, जाडाभरडा. त्या आवाजात ती म्हणाली, "आहे."

घरात काही पडल्याचा आवाज झाला. "कुठं आहेस?"

"वर आलो."

"दमलास?"

"दमलो," मेना म्हणाली, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

तिनं मनाशी योजलं होतं ते असं, की आता मेना म्हणून पुढच्या दारी जायचं आणि सांगायचं, आई, दुआर्त आला, थेट बसकडे गेलाय, चल लवकर. तेवढ्यावर काम भागलं असतं. ती घराला वळसा घालून दारात आली. देओलिंदा खुर्चीतून उठून उभी होती, चौकटीला धरून. तिनं ते जाकीट पाहिलं, ती टोपी पाहिली, चिखलाचे बूट पाहिले. मग दोन्ही हातांनी मेनाचा चेहरा धरला.

"किती उशीर केलास रे," ती म्हणाली.

आणि तिचा चेहरा उमलला. सगळ्या आठ्या सुटल्या, तोंडाचं बोळकं हसलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हा चेहरा मेनानं जन्मात पाहिला नव्हता. आईजवळ असा एक चेहरा आहे हे तिला फार दिवसांपासून ठाऊक होतं, आणि तो आपल्यासाठी नाही हेही. योजलेलं सांगणं तिनं सोडून दिलं.

"चल, आई," ती म्हणाली. "बस थांबलीय."

"तू आलास ना. आता कुठंही ने." म्हातारीनं स्वतः कोट घातला, स्वतः रुमाल बांधला, आणि मागं वळूनही न बघता दार ओढून घेतलं.

आदेलिनु बसच्या पायरीवर होता. "काय जादू केलीस, मेना?"

"अरे आदेलिनु," देओलिंदा म्हणाली, "दुआर्तला ओळखलं नाहीस? एका बाकावर बसायचात दोघं."

आदेलिनु मेनाकडे बघत राहिला. त्या नव्या वर्षाच्या दुपारी बाळ येशूची विचारपूस करायला आलेल्या पाहुण्यांत तोही होता. बाटली कोरडी झाली म्हणून सर्वांत मोठ्यानं हसला तोच. त्यानं टोपी काढली.

"न ओळखायला काय झालं," तो म्हणाला. "ये, दुआर्त. आईला खिडकीशी बसव."

बस सुटली. देओलिंदानं मेनाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला तो सगळ्या वाटेत सोडला नाही. मेनाला रडू येत होतं आणि सुखही वाटत होतं, आणि या सुखाची तिला लाज वाटत होती. डोंगराच्या माथ्यावरून बस वळली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आज हजेरीत तिचं नाव आलंच नव्हतं. दुआर्तनं ओ दिली आणि आई तिथंच थांबली होती.

काल्येतात शाळेच्या मोठ्या खोलीत खाटा मांडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आदेलिनुनं बातमी आणली की त्यांचं अंगण, गोठ्याचा कोपरा आणि स्वयंपाकघर खाली गेलं. तेल्माचं यंत्रही गेलं. मेनानं छातीवर क्रूसाची खूण केली. चौकट धरून बसलेली आई तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि आपण केलं ते बरोबरच केलं असं तिला वाटलं.

धक्के इथंही जाणवायचे, पण लांबून. पहिला जाणवला तेव्हा लोक कॉफी पीत होते. "देओलिंदा. आहे. दुआर्त."

"आहे," मेना जाड्या आवाजात म्हणाली.

"मेना."

"आहे," ती आपल्या आवाजात म्हणाली.

देओलिंदा हसली. "तिचा आवाज काढतोस होय? लहानपणापासून नकला करायची खोड तुझी." मग तिनं खोलीभर नजर फिरवली. "मेना?"

पलीकडच्या खाटेवरच्या बाईला हसू आवरेना. "अहो देओलिंदामावशी, काखेत कळसा नि गावाला वळसा. ही काय तुमच्या शेजारी बसलीय मेना."

मेनानं टोपी काढली, केस मोकळे केले. म्हातारीनं तिच्याकडे अनोळखी पाहुणीकडे बघावं तसं, अदबीनं, पाहिलं. "ही नव्हे," ती म्हणाली. "माझी मेना."

माझी. हा शब्द आईच्या तोंडून आपल्या नावाला लागलेला मेनाला आठवत नव्हता.

"तिला कोणी आणलंच नाही का? घरातच राहिली असेल. ती कुठं जात नाही. कधी काही मागत नाही, म्हणून विसरायला होतं." देओलिंदाची नजर मेनाच्या अंगावरच्या जाकिटावर गेली. "दुआर्त, तू वर आलास आणि तिला तिथंच ठेवलंस?"

मेनानं सगळं करून पाहिलं. जाकीट पेटीत टाकलं. आदेलिनुच्या बायकोकडून स्वतःच्या मापाचा निळा झगा मागून घातला, लहानपणी घालायची तशी वेणी घातली, आईच्या पायाशी बसून म्हणाली, आई, मी मेना. देओलिंदा तिला "बाई" म्हणायची आणि विचारायची, तुमची कोणी राहिलीय का हो मागं? तो झगा उतरवून जाकीट घातलं की तिचा हात लगेच हातात यायचा. मेनाला रात्री झोप लागेना. आपण मेलोय आणि कोणी सांगत नाहीये, असं तिला कधी कधी वाटायचं.

आठवडे गेले. तेल्मा भेटायला आली. म्हणाली, शिलारस थांबला तो थांबलाच, आता काही वर येत नाही. धक्केही विरळ होतील, मग बंद. मेनानं विचारलं, बंद म्हणजे किती दिवसांनी. तेल्मा म्हणाली, खुशखबर सांगतेय मी तुम्हाला, तुमचं तोंड का उतरलं?

कारण धक्का आला तरच आई हाक मारायची. आणि ती हाक आता उरकून टाकलेली नव्हती. चाळीस वर्षं जो आवाज दुसऱ्याच्या नावाला जाताना मेनानं ऐकला, तळातून निघणारा, लांबत जाणारा, ज्याच्यात आईचा सगळा जीव असायचा, तो आवाज आता तिच्या नावाला लागला होता.

त्या आठवड्यातला एकच धक्का रविवारी दुपारी आला. बशीतला चमचा वाजला न वाजला. बाकीच्यांना कळलंही नाही.

"देओलिंदा. आहे. दुआर्त."

"आहे."

"मेना," देओलिंदा म्हणाली, आणि थांबली. दाराकडे कान दिला. मग पुन्हा, आणखी हळू, "मेना."

मेना तिला खेटूनच बसली होती. हातात हात होता. 'आहे' तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि आई तिसऱ्यांदा हाक मारते का, याची वाट बघत बसून राहिली.